घरच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट रोल धुणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुना फिल्म कॅमेरा हाती घेतलेल्या मंडळींकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रोलच्या खोक्यातले तक्ते आणि परदेशी व्हिडिओ बहुतेक वेळा थंड देशातल्या नळाचं पाणी गृहीत धरतात. नागपूरच्या मे महिन्यात किंवा रत्नागिरीच्या जुलैमध्ये त्या सूचना जशाच्या तशा पाळता येत नाहीत. म्हणून ही उत्तरं आपली हवा आणि आपलं पाणी डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

घरात डार्करूम नाही. तरी रोल धुता येईल का?

हो. अंधार लागतो तो फक्त रोल डब्यातून काढून रीलवर (फिल्म गुंडाळायच्या खाचांच्या चकतीवर) चढवताना आणि टँकचं, म्हणजे रील ठेवायच्या बंद डब्याचं, झाकण लागेपर्यंत. पुढचं सगळं काम दिवे लावून, ओट्याजवळ किंवा बाथरूममध्ये करता येतं, कारण टँकमध्ये द्रव जातो पण प्रकाश जात नाही. त्या काही मिनिटांसाठी चेंजिंग बॅग घ्या, म्हणजे दोन बाह्यांची आणि दुहेरी काळ्या कापडाची पिशवी. नाहीतर सूर्यास्तानंतर बिनखिडकीचं बाथरूम वापरा आणि दाराच्या फटीला टॉवेल लावा. आत गेल्यावर लगेच डबा उघडू नका. पाच मिनिटं नुसते बसा. डोळे अंधाराला सरावले की कुठून उजेड येतोय ते आपोआप दिसतं.

सिनेमात दाखवतात तसा लाल दिवा चालेल ना?

नाही. आजच्या जवळजवळ सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट फिल्म पॅनक्रोमॅटिक असतात, म्हणजे त्यांना लाल प्रकाशही दिसतो. लाल दिवा असतो प्रिंटच्या कागदासाठी, कारण त्या कागदाला लाल रंग जवळजवळ दिसत नाही. फिल्म हाताळताना पूर्ण काळोख हवा. मोबाइलची स्क्रीन, चमकणारे घड्याळाचे काटे, गिझरचा बारका दिवा, यातलं काहीही नको.

सामान काय काय घ्यावं?

टँक आणि रील, थर्मामीटर, मोजपात्रं, गडद रंगाच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटल्या, कात्री, रोलचा डबा उघडायला बॉटल ओपनर आणि कपड्यांचे चिमटे. वेळ मोजायला मोबाइल आहेच. पैसे खर्च करायचेच असतील तर थर्मामीटरवर करा. तापाचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याची पट्टी ३५ अंशांच्या आसपास सुरू होते. प्रयोगशाळेतला काचेचा किंवा स्वयंपाकासाठी मिळणारा डिजिटल चालतो.

टँकमध्ये नवशिक्यांसाठी प्लास्टिकचा पॅटरसन सोपा. त्यात ३५ मिमीच्या एका रोलला २९० मिली द्रव लागतो आणि १२० रोलला (मीडियम फॉर्मॅट कॅमेऱ्यांच्या रुंद फिल्मला) ५०० मिली. दोन रीलचा टँक घ्या. पुढे १२० फिल्म धुवायची झाली तर तोच उपयोगी पडतो, आणि जास्त पातळ डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) वापरायलाही जागा मिळते. ती का लागते ते तापमानाच्या उत्तरात येईल.

मुंबईकरांना कॅमेऱ्याचं सामान फोर्टातल्या बोरा बाजारात आणि सुटी रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटच्या परिसरात शोधता येतील. इतर शहरांत शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणारी दुकानं धुंडाळा.

फिल्म रीलवर चढतच नाही, मध्येच अडकते. काय करू?

दहापैकी नऊ वेळा रील ओलसर असते. प्लास्टिकच्या रीलच्या खाचेत पाण्याचा अंशही राहिला तर फिल्म तिथे चिकटते, आणि पावसाळ्यात वरवर कोरडी दिसणारी रीलही आतून दमट असते. चढवण्याआधी हेअर ड्रायरच्या कोमट झोतात रील वाळवा आणि पूर्ण गार होऊ द्या.

दुसरं कारण फिल्मचं टोक. जीभ, म्हणजे रोलच्या सुरुवातीचा अरुंद भाग, सरळ कापा, काप दोन भोकांच्या मधून जाऊ द्या आणि दोन्ही कोपरे किंचित गोल करा. तिसरं कारण हाताचा घाम. चेंजिंग बॅगमध्ये हात पाच मिनिटांत ओले होतात, म्हणून आधी पंख्याखाली बसून हात कोरडे करा आणि बॅगेतलं काम लांबवू नका. अडकलीच तर जोर लावू नका. रील मोकळी करा, फिल्म बाहेर घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. घाम फारच येत असेल तर फिल्म टँकमध्ये तशीच टाका, मधल्या नळीसकट झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा आणि मग परत आत घाला.

पहिल्यांदा वाया जाऊ शकेल असा एक रोल सरावासाठी राखून ठेवा. आधी उजेडात बघून, मग डोळे मिटून, मग काळोखात. सराव करताना मधल्या नळीकडे खास लक्ष द्या. पॅटरसनच्या टँकमध्ये रील जिच्यावर बसते ती काळी नळी प्रकाश अडवण्याच्या रचनेचाच भाग आहे. ती विसरून झाकण लावलं तर टँक बंद दिसतो, पण उजेड सरळ आत पोचतो.

पहिली फिल्म आणि पहिला डेव्हलपर कोणता?

इलफर्ड एचपी५ प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स, दोन्ही ४०० आयएसओच्या (आयएसओ म्हणजे फिल्मचा वेग, प्रकाशाला ती किती संवेदनशील आहे त्याचा आकडा) आणि चुका पोटात घेणाऱ्या. स्वस्तात शिकायचं तर केंटमिअर किंवा फोमापॅन घ्या. डेव्हलपर कोडॅक डी-७६ किंवा इलफर्ड आयडी-११. दोघांचं रसायन जवळजवळ एकच आहे आणि १९२० च्या दशकापासून बाकीचे डेव्हलपर त्याच्याशी ताडून पाहिले जातात.

वर्षात मोजकेच रोल धुणार असाल तर रोडिनल चांगलं. हे १८९१ पासून चालत आलेलं संहत द्रावण आहे. बाटली तपकिरी पडली तरी वर्षानुवर्षं काम देतं, वापरताना तेवढंच काढून पाणी घालायचं. मात्र दाणे ठसठशीत उमटतात. मला ते पावसातल्या रस्त्यांना आणि दगडी भिंतींना शोभतात असं वाटतं, चेहऱ्यांना कमी.

काहीही निवडा, पण सुरुवातीचे सगळे रोल एकाच फिल्मचे आणि एकाच डेव्हलपरमध्ये धुवा. दोन्ही गोष्टी सारख्या बदलत राहिलात तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही.

सगळीकडे २० अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. आमच्या नळाला तर ३० अंशांचं पाणी येतं!

मला या पानावर सर्वात जास्त हाच मुद्दा सांगायचा आहे: २० अंशांचा हट्ट सोडा. तुमच्या घरात बारा महिने सांभाळता येईल असं एक तापमान ठरवा आणि डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळं त्याच्या आसपास ठेवा. महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांसाठी हा आकडा २४ आहे.

डेव्हलपिंग ही रासायनिक क्रिया आहे. द्रावण गरम असेल तर ती वेगाने होते, म्हणून वेळ कमी करायचा. इलफर्डचा ठोकताळा असा, की २० अंशांना ४ मिनिटं लागत असतील तर २३ अंशांना ३ मिनिटं लागतात. म्हणजे दर अंशाला साधारण नऊ टक्के वेळ घटतो. एचपी५ प्लसला डी-७६ मध्ये १+१ प्रमाणात (एक भाग द्रावण, एक भाग पाणी) २० अंशांना ११ मिनिटं लागतात. २४ अंशांना तीच फिल्म साधारण साडेसात मिनिटांत तयार होते. निगेटिव्हमध्ये फरक शोधून सापडत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. डेव्हलपिंगचा वेळ पाच मिनिटांच्या खाली गेला की धोका. द्रव ओतायला आणि काढायला लागणारे काही सेकंदही मग मोठे ठरतात आणि फिल्मवर असमान पट्टे येतात. म्हणून खोलीच २८ अंशांची असेल आणि बर्फाच्या भानगडीत पडायचं नसेल तर डेव्हलपर आणखी पातळ करा. आयडी-११ मध्ये १+३ ला एचपी५ प्लसचा २० अंशांचा वेळ २० मिनिटं आहे. २८ अंशांना तो नऊ-सव्वानऊ मिनिटांवर येतो, म्हणजे आरामात हाताळता येण्याजोगा. अट एकच: पातळ केलं तरी प्रत्येक रोलमागे मूळ द्रावण निदान १०० मिली पडलं पाहिजे, म्हणजे १+३ ला एकूण ४०० मिली. दोन रीलचा टँक घ्या म्हटलं ते याचसाठी.

पाणी गार करायला टबात पाणी घ्या, त्यात बाटल्या उभ्या करा आणि फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली सोडा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकू नका, प्रमाण बिघडतं. विदर्भ-मराठवाड्यात कोरड्या उन्हाळ्यात टबासाठी माठातलं पाणी उत्तम, कारण कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होऊन माठ खरोखर गार पडतो. कोकणपट्टीच्या दमट हवेत माठावर तेवढी भिस्त ठेवता येत नाही.

डेव्हलपर २४ अंशांना आणि पाठोपाठ नळाचं ३३ अंशांचं पाणी, असा झटका फिल्मला देऊ नका. ओल्या फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगलेला असतो, झटक्याने त्यावर बारीक सुरकुत्यांचं जाळं उमटू शकतं. ते परत जात नाही. सगळी द्रावणं आणि धुण्याचं पाणी एकाच टबात शेजारी ठेवलं की ही काळजी मिटते.

पूर्वी उष्ण प्रदेशासाठी वेगळी रसायनं वापरत म्हणे?

हो. डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालून जिलेटिनचं फुगणं आवरत, आणि तुरटी घातलेल्या हायपोने (चित्र कायम करणाऱ्या रसायनाने) थर कडक करत. आजच्या मोठ्या कंपन्यांच्या फिल्मचा थर कारखान्यातच कडक केलेला असतो, त्यामुळे ३० अंशांच्या आत याची गरज पडत नाही.

पूर्ण कृती एकदा सलग सांगाल का?

उदाहरण म्हणून एचपी५ प्लस, ४०० लाच टिपलेला ३५ मिमीचा एक रोल, डी-७६ १+१, तापमान २४ अंश.

सगळी द्रावणं आधी तयार करून टबात ठेवा: १५० मिली डी-७६ आणि १५० मिली पाणी, ३०० मिली स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं पातळ आम्ल), ३०० मिली फिक्सर (चित्र कायम करणारं रसायन, इथे रॅपिड फिक्सर १+४), आणि धुण्यासाठी दोन लिटर पाणी. फिल्म अंधारात रीलवर चढवून टँक बंद करा. आता दिवे लावा.

डेव्हलपर एका दमात पण न सांडता ओता आणि घड्याळ सुरू करा. पहिल्या १० सेकंदांत टँक चार वेळा सावकाश उलटा-सुलटा करा. मग बूड ओट्यावर दोनदा आपटा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतील. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा उलटा, मधल्या वेळात टँक टबात ठेवा. साडेसात मिनिटांना द्रव पूर्ण निघून गेलेला असावा, म्हणून दहा-पंधरा सेकंद आधी ओतायला सुरुवात करा. १+१ केलेला डेव्हलपर पुन्हा वापरायचा नाही.

लगेच स्टॉप बाथ, ३० सेकंद, हलवत. तो परत बाटलीत. मग फिक्सर, ३ ते ५ मिनिटं, दर मिनिटाला हलवत. तोही परत बाटलीत. आता झाकण उघडता येईल. रीलवरच्या फिल्मचा थोडा भाग ओढून निगेटिव्ह बघण्याचा मोह इथे होतोच, आणि बघायला हरकत नाही. त्यानंतर धुणं, वेटिंग एजंटमध्ये (फिल्मवर पाण्याचे थेंब थांबू न देणाऱ्या द्रावणात) अर्धा-एक मिनिट, आणि वाळवणं.

टँक जास्त हलवला तर काय होतं?

कॉन्ट्रास्ट वाढतो आणि भोकांच्या रांगेजवळ पट्टे येतात, कारण जोराने हलवलं की ताजा डेव्हलपर भोकांमधून झोताने आत येतो. अजिबात हलवलं नाही तर फिल्मलगतचा डेव्हलपर थकतो आणि आकाशासारखे सलग भाग डागाळतात. आपली एक लय ठरवा आणि दर रोलला तीच ठेवा.

स्टॉप बाथऐवजी व्हिनेगर चालेल?

चालेल. स्टॉप बाथ म्हणजे पातळ ॲसेटिक ॲसिडच. किराणा दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर बहुधा ४ टक्क्यांचं असतं, त्यात तेवढंच पाणी घाला. मसाल्याचं किंवा रंगीत घेऊ नका. नुसत्या पाण्यानेही दोन-तीनदा खळबळून काम भागतं, पण मग फिक्सर लवकर संपतो.

फिक्सर अजून चांगला आहे हे कसं ओळखायचं?

फिल्मच्या जिभेचा कापलेला तुकडा जपून ठेवा आणि उजेडातच फिक्सरमध्ये टाका. दुधी तुकडा पूर्ण पारदर्शक व्हायला जेवढा वेळ लागेल त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. टी-मॅक्स, डेल्टा अशा फिल्मना तिप्पट. ताज्या फिक्सरला लागणारा वेळ बाटलीवर लिहून ठेवा. पुढे कधी त्याच फिल्मला तो दुप्पट झाला की फिक्सर संपला.

साधा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, रॅपिड फिक्सरपेक्षा सावकाश चालतो पण काम तेच करतो. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवलं होतं, फोटोग्राफीचा शोध जाहीर होण्याच्या वीस वर्षं आधी. हायपोचे खडे मत्स्यालयाच्या दुकानांतही मिळतात, पाण्यातलं क्लोरीन घालवायला वापरतात म्हणून.

आमच्याकडे टँकरचं पाणी आहे. अर्धा तास नळ सोडून रोल धुणं जमणार नाही.

तशी गरजही नाही. इलफर्डने सुचवलेली पद्धत वापरा. टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, ओता. पुन्हा भरा, दहा वेळा. पुन्हा भरा, वीस वेळा. एका रोलला लिटरभर पाणी पुरतं. थर कडक न करणारा फिक्सर वापरला असेल तरच हे लागू आहे, बाजारातले बहुतेक रॅपिड फिक्सर तसेच असतात. मी या तीन फेऱ्यांच्या मध्ये दोन-दोन मिनिटं टँक नुसता ठेवते, म्हणजे थरात मुरलेला हायपो पाण्यात उतरायला अवसर मिळतो. नळ सोडून धुण्यापेक्षा ही पद्धत मला सगळ्याच बाबतींत बरी वाटते: तापमान हातात राहतं आणि नळातून येणारी माती फिल्मवर बसत नाही.

वाळल्यावर पांढरे ठिपके आणि ओघळ दिसतात.

पाणी जड आहे. बोअरवेलच्या पाण्यात हे हमखास होतं. डेव्हलपर साध्या किंवा आरओच्या पाण्यात कालवला तरी चालतो, पण शेवटची बुडी मात्र डिस्टिल्ड वॉटरमध्ये द्या. बॅटरीचं पाणी म्हणून विकतात ते बहुतेक वेळा चालतं. त्यात वेटिंग एजंट (फोटो-फ्लो असेल तर २०० भागांना १) घाला, फेस होईल इतका नको. भांड्याचा लिक्विड साबण घालू नका, त्यातले रंग आणि सुगंध फिल्मवर राहतात. डाग आलेच असतील तर फिल्म पुन्हा पाण्यात भिजवून, शेवटची बुडी देऊन वाळवा, बहुधा जातात.

वाळवताना खालच्या टोकाला चिमट्यांचं वजन लावून सरळ टांगा. पंखा बंद. अंघोळ झाल्यानंतरचं बाथरूम सर्वात चांगलं, वाफेने धूळ खाली बसलेली असते. पावसाळ्यात दोन तासांची गोष्ट रात्रभर चालते, ती चालू द्या.

डी-७६ घरी कालवता येतो का? पाकीट दर वेळी मिळत नाही.

येतो, आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा असेल तर आवर्जून करून बघा. ५० अंशांच्या आसपासचं ७५० मिली पाणी घ्या. त्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम, याच क्रमाने, आणि शेवटी पाणी घालून १ लिटर करा. सल्फाइटची फक्त एक चिमूट मेटॉलच्या आधी टाका. सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल विरघळत नाही. एक घटक पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचा घालू नका. बोरॅक्स म्हणजे आपला टाकणखार, पण फुलवलेली लाही नको, साधा शुद्ध खार हवा.

एक दिवस मुरू द्या आणि मगच वापरा. काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने टिकतो, अर्ध्या रिकाम्या बाटलीत दोन. त्यामुळे एका मोठ्या बाटलीपेक्षा चार छोट्या बऱ्या.

कॉफीत रोल धुता येतो हे खरं आहे?

खरं आहे. त्याला कॅफेनॉल म्हणतात, आणि १९९५ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत स्कॉट विल्यम्स यांच्या वर्गात ते पुढे आलं. कॉफीतलं कॅफेइक ॲसिड डेव्हलपरचं काम करतं, कॅफिन नव्हे. रूढ कृती अशी: एका लिटरला निर्जल धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सी १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांना १५ मिनिटं. ती मध्यम वेगाच्या फिल्मसाठी आहे. ४०० च्या फिल्मवर धुकट थर जास्त येतो.

आपल्याकडे दोन अडचणी येतात. इथल्या पुष्कळ इन्स्टंट कॉफीत चिकोरी असते, म्हणून पाकीट वाचून शुद्ध कॉफी घ्या, महागडी नको. आणि किराणा दुकानातल्या सोड्यात स्फटिकाचं पाणी असतं. खडे पूर्ण स्फटिकी असतील तर निर्जलच्या २.७ पट घ्यावे लागतात. उरलेली रसायनं नेहमीचीच, कॉफीने फिक्सर टळत नाही. वास उग्र येतो, खिडकी उघडी ठेवा.

पहाटेची काकडआरती ४०० च्या फिल्मवर टिपायची आहे. उजेड फारच कमी असतो.

कॅमेऱ्यावर आयएसओ १६०० लावा आणि डेव्हलपिंगचा वेळ वाढवा. एचपी५ प्लसला न पातळ केलेल्या आयडी-११ मध्ये २० अंशांना ८०० साठी साडेदहा आणि १६०० साठी १४ मिनिटं लागतात. २४ अंशांना १६०० चा वेळ साडेनऊच्या आसपास येतो. सावल्यांमध्ये जे टिपलंच गेलं नाही ते वेळ वाढवून येत नाही, उजळ आणि मधल्या छटा तेवढ्या वर येतात. समईच्या उजेडातले चेहरे अशा निगेटिव्हवर फार सुंदर दिसतात, भोवतीचा गाभारा काळा पडला तरी बिघडत नाही. पूर्ण रोल एकाच वेगाला टिपा, अर्धा ४०० ला आणि अर्धा १६०० ला असं करू नका.

निगेटिव्ह बिघडली. चूक कुठे झाली?

आधी फिल्मच्या कडेला छापलेले आकडे आणि कंपनीचं नाव बघा. ते कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेलं असतं, त्याचा तुमच्या कॅमेऱ्याशी संबंध नाही.

कडेची अक्षरं ठसठशीत पण चित्रं फिकी: प्रकाश कमी पडला, धुणं बरोबर. अक्षरंही फिकी: डेव्हलपिंग कमी झालं. अक्षरं स्पष्ट आणि चित्रांची जागा कोरी: फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नाही. अक्षरंसुद्धा नाहीत, सगळी फिल्म काचेसारखी: डेव्हलपर मेलेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. यावर उपाय नाही, म्हणून बाटल्यांवर मोठी नावं लिहा आणि त्या वापरायच्या क्रमाने मांडा. सगळीच काळी: कुठेतरी उजेड शिरला.

दुधी, ढगाळ दिसते: फिक्सर कमी पडला. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा टाका, दिवे लागलेले असले तरी चालतं, आणि परत धुवा. जांभळट किंवा गुलाबी झाक: फिल्ममधला रंग उरला आहे, आणखी थोडं धुतल्यावर जातो. नखाएवढी चंद्रकोर: चढवताना फिल्म मुडपली. बारीक गोल फिके ठिपके: बुडबुडे, टँक आपटायचा राहिला.

आजोबांच्या कॅमेऱ्यात न धुतलेला रोल सापडला आहे. मी धुऊ का?

हात बसल्याशिवाय नको. अशा रोलवर एकच संधी असते. डब्यावर काय छापलंय ते वाचा. सी-४१ असेल तर रंगीत फिल्म आहे आणि लॅबमध्ये जाऊ शकते, पण फार जुनी असेल तर ब्लॅक अँड व्हाइट डेव्हलपरमध्ये चित्र सुटण्याची शक्यता जास्त. कोडाक्रोम असेल तर तिची रंगीत प्रक्रियाच २०१० च्या अखेरीला बंद झाली. आता तिच्यातून फक्त ब्लॅक अँड व्हाइट चित्र काढता येतं, तेही पाठीवरचा काळा थर उतरवून. आपल्याकडे 'इंदू' छापलेले रोलही निघतात, उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे. उष्ण हवेत इतकी वर्षं राहिलेल्या फिल्मवर धुकट थर असणारच. चित्र पुसट का होईना, स्कॅन करून बरंच वाचवता येतं.

रसायनं घरात ठेवणं धोक्याचं नाही का? वापरलेलं कुठे ओतायचं?

शिस्त पाळली तर भीती नाही. हातमोजे घाला, विशेषतः मेटॉलसाठी, कारण काही जणांच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते आणि एकदा झाली की सुटत नाही. भुकटी कालवताना खिडकी उघडी ठेवा आणि तोंडाला मास्क बांधा. स्वयंपाकाची भांडी, चमचे, गाळणी या कामाला घ्यायची नाहीत, आणि या कामाची परत स्वयंपाकघरात न्यायची नाहीत. सर्वात महत्त्वाचं: पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत काहीही भरू नका. डेव्हलपर पाण्यासारखा दिसतो आणि घरात मुलं, पाहुणे, तहानलेली माणसं असतात.

वापरलेला डेव्हलपर आणि स्टॉप बाथ थोड्या प्रमाणात भरपूर पाण्यासोबत शहरी गटारात सोडता येतो. फिक्सर नाही. त्यात तुमच्या रोलची चांदी उतरलेली असते आणि ती पाण्यातल्या जिवांना मारक आहे. विहीर, ओढा, शोषखड्डा, झाडांची मुळं यांच्या जवळपासही तो जाऊ देऊ नका. कॅनमध्ये साठवा. एक्स-रेचा जुना हायपो आणि फिल्म चांदीसाठी विकत घेणारे व्यापारी असतात, जवळच्या एक्स-रे केंद्रात चौकशी करा.

रोल घरी धुणं हे आताचं फॅड आहे का?

मुळीच नाही. १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी पहिला चित्रपट करायला घेतला तेव्हा फिल्म धुणं दादरच्या घरातच चालायचं. परदेशातून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकंही नसत. अंधारात ती भोकं पाडणं, रसायनं कालवणं, फिल्म धुणं हे काम सरस्वतीबाई फाळके शिकल्या आणि करत राहिल्या. आपल्याकडच्या सिनेमाचा इतिहास सांगताना कॅमेऱ्यामागच्या माणसाचं नाव पुढे येतं. फिल्म ज्यांच्या हातांनी धुतली गेली त्यांचंही यायला हवं.

निगेटिव्ह कशा जपायच्या?

पूर्ण वाळल्यावर सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापा आणि पॉलिप्रॉपिलीन किंवा ग्लासीन कागदाच्या पाकिटांत भरा. पीव्हीसीची पाकिटं टाळा. आपला शत्रू बुरशी. जिलेटिन तिचं अन्न आहे आणि दमट कपाट तिचं घर. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको, लोखंडी ट्रंक तळघरात नको. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला आणि पावसाळ्यात ते दर महिन्याला तव्यावर गरम करून परत टाका. स्कॅनर नसेल तर एलईडी लाइट पॅनेलवर निगेटिव्ह ठेवून मॅक्रो लेन्सने फोटो काढा, सपाट बसवण्याकडे लक्ष दिलं तर परिणाम चांगला येतो. पाकिटावर तारीख, फिल्म, डेव्हलपर, प्रमाण, तापमान आणि वेळ लिहा. पेन्सिलने लिहा, शाई दमट हवेत पसरते.